चाचणीखालचा बोगदा

“लहान मूल सांभाळायला असं काय मोठं लागतं? बसून तर राहायचं,” असं निरीक्षक बोलून गेले, आणि बोलून गेल्याबरोबर त्यांच्या लक्षात आलं की हे वाक्य आपण एका आईसमोर आणि एका आजीसमोर एकाच वेळी उच्चारलं आहे. दोघी काहीच म्हणाल्या नाहीत. बायकांनी काहीच न म्हणणं ही केवढी गंभीर गोष्ट असते, हे ज्यांना संसारात राहून कळलं नाही त्यांना सांगून कळण्यातलं नाही.

निरीक्षक म्हणजे लिफ्टचे निरीक्षक. नोकरीतून निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, तरी इमारतीत सगळे त्यांना निरीक्षकच म्हणत, आणि रागावली की त्यांची बायकोही. उभा जन्म त्यांनी लोकांच्या लिफ्टमध्ये मान वर करून दोरांचे आवाज ऐकण्यात घालवला होता. कुठलंही यंत्र नेहमीच्या भाराच्या सवापट भार घालून तपासल्याशिवाय माणसांसाठी उघडायचं नाही, हा त्यांचा धर्म. घरात नवी खुर्ची आली तरी आधी ते तिच्यावर स्वतः बसत, मग मांडीवर धान्याचा डबा घेऊन बसत, आणि मगच बायकोला बसायची परवानगी मिळे. या हिशेबात आपलं वजन नेमकं किती धरलं जातं, हा प्रश्न त्या माउलीने कधी विचारला नाही. तिच्याजागी दुसरी कुणी असती तर डबा डोक्यात घातला असता.

लेकीच्या मुलीचं नाव भिंगरी. तिचं खरं नाव फार सुंदर होतं, पण ती एका जागी थांबतच नसल्यामुळे ते तिला चिकटलं नाही. वय दोन वर्षांच्या जरा अलीकडचं, म्हणजे माणसाला पळता येतं पण का पळू नये हे कळत नाही, ते. लेक एका प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम करी. भिंगरीसाठी घेतलेली लांबलचक रजा संपली होती आणि वरून निरोप आला होता की सोमवारी या, नाहीतर आम्ही दुसरं माणूस बघतो. जावई बोटीवर, अर्धं वर्ष पाण्यावरच. पाळणाघरात जागा नव्हती; एखादं मूल मोठं होऊन बाहेर पडलं की कळवतो, असं तिथल्या बाईंनी सांगितलं होतं, आणि मुलं काही कुणाच्या सोयीने मोठी होत नाहीत. तेव्हा भिंगरीला आजी सांभाळणार असं पक्कं ठरलं होतं. पण आजी न्हाणीघरात घसरली, पाय प्लास्टरमध्ये गेला आणि सगळं ठरलेलं तिच्यासोबत पलंगावर येऊन पडलं.

आता यातली खरी गोष्ट सांगतो. लेकीला तिचं काम अतोनात आवडे. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली की तिला जेवणाची शुद्ध नसे, आणि घरी आल्यावर कुणाच्या रक्तात काय दिसलं ते ती इतक्या रंगून सांगे की ऐकणाऱ्याने आपलंही रक्त काढून द्यावं. निरीक्षकांना ती नोकरी वाचवायची होती. फक्त अशी गोष्ट सरळ तोंडाने बोलायची त्यांना सवय नव्हती, म्हणून ‘बसून तर राहायचं’ असं बाहेर पडलं.

“दोन दिवस बघू,” लेक म्हणाली. “नाही जमलं तर मी सोडते, बाबा. खरंच चालेल मला.”

‘चालेल’ म्हणताना तिने बाबांकडे पाहिलं नाही. तिथेच निरीक्षकांनी मनाशी ठरवलं की आता काहीही होवो, दोन दिवस ही पोर रडता कामा नये.

काम म्हटलं की आराखडा आलाच. रविवारी दिवसभर बसून त्यांनी भिंगरीच्या करमणुकीची सगळी व्यवस्था लावली. पेल्यांचा मनोरा, मग चेंडू, मग लपाछपी, मग जुने कागद टराटरा फाडणे, मग थोडी विश्रांती. प्रत्येक खेळ चांगला तासभर चालेल असा त्यांचा अंदाज होता. हा अंदाज त्यांनी कशावरून काढला, ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

सोमवारी लेक लिफ्टने खाली गेली. लिफ्टचा आवाज ऐकू येत होता तोवर भिंगरी रडली. आवाज थांबल्यावर तिने आजोबांच्या इस्त्रीच्या बाहीला नाक पुसलं आणि मान वर करून ‘हं, दाखवा काय आणलंय’ अशा नजरेने त्यांच्याकडे पाहिलं. एखाद्या मंत्र्याने पाहणीला यावं तसा तिचा तो चेहरा होता.

निरीक्षकांनी पेल्यांचा मनोरा रचला. पाया रुंद, वर निमुळता, अगदी ओळंब्यात. भिंगरीने तो पाडला. त्यांनी पुन्हा रचला, तिने पुन्हा पाडला. थोड्या वेळाने निरीक्षकांच्या ध्यानात आलं की मनोरा पडण्यात तिला काही गंमत नाही. पडल्यावर आजोबांचं तोंड कसं होतं, ती खरी गंमत. एकदा त्यांनी तोंड मुद्दाम निर्विकार ठेवलं, तर ती पेले सोडून निघून गेली. चेंडू पलंगाखाली गेला आणि तिथेच राहिला. लपाछपीत भिंगरी खोलीच्या मधोमध, स्वतःचे डोळे झाकून लपली. निरीक्षक सच्चे माणूस. ते म्हणाले, “ही काय, दिसलीस.”

“अहो, लगेच काय शोधता?” पलंगावरून बायको म्हणाली. “नोकरीत कधी तुम्हाला एवढ्या चटकन दोष सापडला होता का?”

मग निरीक्षक पडद्यामागे लपले. बराच वेळ झाला तरी त्यांना कुणी शोधेना. घर कसं शांत होतं. ‘बघा, खेळात रमली,’ असं ते पडद्यामागे अभिमानाने स्वतःशीच म्हणत होते. ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांना हे वाचतानाच घाम फुटला असेल. भिंगरी दाराशी बसून त्यांच्या बुटांना केळं भरवत होती. एक बूट भरवून झाला होता, दुसरा नाही म्हणत होता आणि ती त्याची समजूत काढत होती.

एवढं सगळं झालं तेव्हा लेक जेमतेम प्रयोगशाळेत पोहोचली असेल. तासांचा आराखडा मिनिटांत उडाला. कागद फाडायचे राहिले होते म्हणून निरीक्षक ते आणायला गेले, तर भिंगरीने आराखडाच फाडून ठेवला होता.

अशा वेळी समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांचा दवाखाना संध्याकाळचा, म्हणून सकाळ सल्ल्यांना मोकळी. बाई मनाने सोन्यासारख्या, पण उभ्या आयुष्यात त्यांनी तोंड उघडून बसलेल्या माणसांशीच गप्पा मारलेल्या. त्यामुळे प्रश्न विचारायचा आणि उत्तरही आपणच द्यायचं, ही सवय लागलेली.

“मुलांना स्पर्शाचे खेळ द्यावेत. पीठ द्यावं, पाणी द्यावं. मेंदूला चालना मिळते. मिळते ना? मिळतेच. तुम्ही दिलं का? नाही दिलंत.”

निरीक्षकांनी दिलं. गॅलरीत एक घमेलं पीठ, एक बादली पाणी आणि दोन मग. आणि इथे मात्र कबूल करायला हवं की पुढचा काही वेळ निरीक्षक स्वतःच हरखून बघत राहिले. भिंगरी एका मगातून दुसऱ्या मगात पाणी ओतत होती. जीभ बाहेर, कपाळाला आठी, डोळे धारेवर. निम्मं सांडे, मग ती मगात वाकून बघे, उरलेलं परत ओते. कंटाळा नाही, घाई नाही, कुणी शाबास म्हणावं अशी अपेक्षा नाही. इतक्या मन लावून काम करणारा मेकॅनिक आपल्याला नोकरीत एकही भेटला नाही, असं निरीक्षकांना वाटलं, आणि त्यांनी आत जाऊन बायकोला तसं सांगितलं. सांगून परत येईतो पिठाचा आणि पाण्याचा योग झाला होता. गॅलरीची मोरी कणकेने गच्च तुंबली होती आणि पाणी कठड्याखालून खालच्या मजल्यावर निघालं होतं.

खालच्या मजल्यावर इमारतीचे सेक्रेटरी राहत. ते हातात एक ओलं वर्तमानपत्र घेऊन वर आले. पहिल्या पानावर पीठ बसलं होतं.

“साहेब, वरून काहीतरी येतंय,” सेक्रेटरी म्हणाले.

“स्पर्शज्ञान,” निरीक्षक म्हणाले. त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

संध्याकाळी लेक आली. घराकडे बघून तिने पर्स ठेवली, बाह्या वर केल्या आणि फरशी पुसायला घेतली. भिंगरी दिवसभर थोडी रडली होती, पुष्कळ हसली होती आणि आता आईच्या पाठीवर बसली होती.

“उद्या जाऊन सांगून टाकते,” लेक फरशीकडे बघत म्हणाली. “तुमचं वय आहे का हे करायचं?”

निरीक्षकांना वय काढलेलं फार लागलं. पण त्याहून जास्त लागलं ते तिचं दमलेलं बोलणं. “दोन दिवस म्हणाली होतीस,” ते म्हणाले. “अजून एक आहे.”

“बरं. पण उद्या मी दुपारच्या सुट्टीत येऊन बघते. आणि मग काय ते नक्की करू. आमच्या साहेबांना मी उद्या उत्तर देते म्हणून सांगितलंय.”

मंगळवारी निरीक्षक शहाणे झाले होते. पोरीला दम लागायला हवा, त्याला मोकळी जागा हवी, हे सेक्रेटरींनी जाताजाता सांगितलं होतं. म्हणून ते तिला घेऊन बागेत गेले. बागेत मुलांचा नवा कोपरा तयार होता, झोपाळे होते, घसरगुंडी होती आणि या सगळ्याला कुलूप होतं.

“कधी उघडणार?” निरीक्षकांनी रखवालदाराला विचारलं.

“उद्घाटन झालं की.”

“उद्घाटन कधी?”

“पाहुणे मिळाले की.”

भिंगरीने फाटकाच्या गजांना धरून फाटक हलवलं. ती अशी हलवत असताना शहाण्या माणसाने तिला उचलून घरी आणलं असतं. निरीक्षकांची नजर झोपाळ्याच्या कड्यांवर गेली. “या कड्या कुणी तपासल्या? सवापट भार घातला होता का?” त्यांनी विचारलं. रखवालदार घाबरला आणि त्याने वर फोन लावला. वरून सांगण्यात आलं की कुणा अधिकाऱ्याने हरकत घेतली असल्यास उद्घाटन तूर्त पुढे ढकलावं. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. गजांबाहेर उभी असलेली इतर चार आजी-आजोबा मंडळी निरीक्षकांकडे ज्या नजरेने बघत होती, ती मी वर्णन करत नाही.

घरी येताना लिफ्टमधून बाहेर पडल्यावर निरीक्षकांना पॅसेज दिसला. लिफ्टच्या दारापासून जिन्यापर्यंत लांब, रुंद, सावलीचा आणि रिकामा. तो पन्नासदा पाहिला असेल, पण आज तो वेगळाच दिसला. इथे एक बोगदा करावा. घरातल्या खुर्च्या एकामागे एक मांडायच्या, वर चादरी घालायच्या, खालून पोरीने रांगत जायचं, पलीकडे गादीवर पडायचं, परत यायचं. दम लागेल, गंमत येईल, आणि पाणी कुठेच नाही.

तासाभरात पॅसेजमध्ये कामाचा धडाका उडाला. घरातल्या खुर्च्या पुरेनात म्हणून डॉक्टरीणबाईंनी आपल्या आणल्या, शिवाय पेशंट वाट बघत बसतात तीही. “कमी पडतात का? पडतातच,” त्या म्हणाल्या. निरीक्षकांनी प्रत्येक खुर्ची पुढचीला दोरीने अशी आवळून बांधली की सगळा बोगदा मिळून एकच वस्तू झाली. आणि भिंगरी उशा वाहत होती. एका वेळी एक उशी, तिच्याहून मोठी, दोन्ही हातांनी कवटाळून, पुढचं काही दिसत नसताना. आपटे, उठे, उशी पुन्हा कवटाळे. दोनदा तिने आणलेली उशी चुकून परत घरात नेली, पण तीही तितक्याच निष्ठेने. कामावर असं माणूस मिळायला भाग्य लागतं.

तेवढ्यात सेक्रेटरी जिना चढून आले. त्यांनी बोगद्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर लिफ्टशेजारी एक चौकट होती. ‘पॅसेजमध्ये कोणतीही वस्तू ठेवू नये. लिफ्टचा व जिन्याचा मार्ग सदैव मोकळा ठेवावा.’ खाली निरीक्षकांचीच सही होती, ठसठशीत. त्या चौकटीच्या जोरावर त्यांनी आजवर डॉक्टरीणबाईंच्या कुंड्या, एका बिऱ्हाडाची सायकल आणि खुद्द सेक्रेटरींचं चपलांचं कपाट हटवलं होतं.

“कपाट माझं सागवानी होतं, साहेब,” सेक्रेटरी सौम्यपणे म्हणाले.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, असं मनात येऊनही ते म्हणाले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. निरीक्षकांचा चेहरा मात्र उतरला.

“तात्पुरती परवानगी मागितली तर?” त्यांनी विचारलं.

“अर्ज द्यावा लागेल. अर्ज आला की नियमाप्रमाणे तो मी सुरक्षा सल्लागारांकडे पाठवीन.”

“सल्लागार कोण?”

“तुम्हीच.”

निरीक्षक विचारात पडले. मग म्हणाले, “मग नाही मिळणार. तो माणूस ऐकणार नाही.”

सेक्रेटरींनी मान डोलावली. त्यांनाही अनुभव होता. दुपार जवळ आली होती. लेक निघायच्या बेतात असेल. भिंगरी शेवटची उशी घेऊन पुढच्या हुकमाची वाट बघत होती आणि तिचा खालचा ओठ हळूहळू बाहेर येत होता.

“पण,” निरीक्षक एकदम म्हणाले, “चाचणी चालू असलेल्या यंत्राला हा नियम लागू नाही. ते वस्तूत धरत नाहीत. निरीक्षक हजर हवा आणि एक साक्षीदार हवा.”

“चाचणी कधी संपते?”

“ती निरीक्षकाच्या मर्जीवर.”

सेक्रेटरींचा चेहरा उजळला. नियम मोडण्यापेक्षा नियम पाळून हवं ते करण्यात जे सुख आहे, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. “मी साक्षीदार,” ते म्हणाले आणि उरलेल्या एका स्टुलावर बसले.

आता चाचणी म्हणजे भार आला. भिंगरीच्या सवापट भार घरात कुठून आणायचा? तिच्या कितीतरी पट भार जवळच उभा होता. निरीक्षकांनी पँट वर ओढली, गुडघे टेकले आणि ते बोगद्यात शिरले. पहिली खुर्ची पार झाली, दुसरी झाली. शेवटच्या खुर्चीखालून त्यांचं डोकं आणि एक हात बाहेर आला, आणि पट्ट्याचं बक्कल आडव्या दांडीत अडकलं. पुढे जाववेना, मागे येववेना. सेक्रेटरींनी पाय ओढले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तोंड उघडा. नाही, श्वास सोडा. सोडलात का? नाही सोडलात.” निरीक्षकांनी अंगाला हिसके दिले, तसा सगळा बोगदाच त्यांच्यासकट चार बोटं पुढे सरकला. बांधकाम मजबूत होतं, यात वादच नाही.

“काय झालं हो?” आतून बायकोने विचारलं.

“काही नाही. चाचणी चालू आहे,” निरीक्षक खुर्चीखालून म्हणाले.

भिंगरी त्यांच्यासमोर येऊन उकिडवी बसली. फरशीपासून वीतभर उंचीवर आजोबांचं डोकं असं सुटं ठेवलेलं तिने प्रथमच पाहिलं होतं. तिचा ओठ अजून बाहेरच होता. काही केलं नाही तर भोंगा सुटणार, हे निरीक्षकांना स्वच्छ दिसत होतं, आणि करायला तर डोक्यापलीकडे काही शिल्लक नव्हतं. तिने बोट पुढे केलं आणि त्यांचं नाक दाबलं.

“टिंग,” निरीक्षकांच्या तोंडून गेलं. आयुष्यभराची सवय. “वर जात आहोत.” आणि त्यांनी मान सावकाश वर केली.

भिंगरी दचकली. तिने पुन्हा नाक दाबलं. मान खाली आली. “तळमजला,” निरीक्षक म्हणाले.

मग जे सुरू झालं ते थांबेना. ती नाक दाबी, मान वर जाई, खाली येई. तिने दोन्ही कान धरून दार उघडलं आणि आपली बाहुली आजोबांच्या डोक्यावर बसवली. वर. खाली. मग पातेल्याचं झाकण आणलं, तेही बसलं. मग एक मोजा. मग तिने उशी आणून ठेवली, तेव्हा निरीक्षकांनी नाकातून लांब आवाज काढला. “टूंऽऽ. भार जास्त झाला.”

भिंगरी थांबली. तिने डोक्यावरच्या ढिगाकडे पाहिलं, विचार केला, आणि झाकण उचलून बाजूला ठेवलं. “टूंऽऽ,” निरीक्षक म्हणाले. तिने उशी काढली. आवाज थांबला. ती गंभीरपणे मागे सरली आणि तिने नाक दाबलं.

निरीक्षकांनी या खेपेला मान अगदी अदबीने वर नेली. उगीच नाही. नोकरीत त्यांनी भरलेल्या लिफ्टमध्ये तो भोंगा वाजताना हजारदा ऐकला होता आणि शिकलीसवरलेली, हुद्द्यावरची माणसं एकमेकांकडे बघत तशीच उभी राहिलेली पाहिली होती. उतरायचं कुणी? ही पोर एका आवाजात समजली. आपली नात किती थोर आहे, हे त्यांना एकदम आणि पूर्णपणे पटलं, आणि मान वर-खाली करताकरताच त्यांनी ते सेक्रेटरींना बोलून दाखवलं. सेक्रेटरी स्टुलावरून उतरून कधीच फरशीवर बसले होते. त्यांचंही नाक आता कामाला लागलं होतं. डॉक्टरीणबाई मजले पुकारत होत्या. प्रत्येक फेरीला निरीक्षक हसत, हसले की हिसका बसे, आणि बोगदा बोटभर सरकत लिफ्टच्या दारापुढे आडवा होत चालला होता. तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

आणि ज्या माणसाला झोपेतही लिफ्टचा आवाज ओळखू येई, त्याला त्या दुपारी लिफ्ट वर येऊन थांबलेली कळली नाही.

खाड् करून दार खुर्चीवर आपटलं. लिफ्टचं दार जुन्या पद्धतीचं, बाहेर उघडणारं, मध्ये काचेची उभी पट्टी. ते चार बोटं उघडलं आणि अडलं. काचेत लेकीचा चेहरा होता.

निरीक्षकांनी मान वळवून वर पाहिलं आणि त्यांना वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. उभ्या जन्मात त्यांनी लिफ्टच्या दारापुढे कुणाला साधी छत्री टेकू दिली नव्हती. आज त्यांनीच लिफ्ट अडवली होती, आत त्यांचीच लेक होती, आणि ती नेमकी आज बघायला आली होती.

“लगेच हलवतो,” ते भराभर बोलू लागले. “ती पडलेली नाही, रडलेली नाही, पाणी कुठेच नाही. फक्त मी जरा अडकलोय.”

“हलवू नका,” फटीतून लेक म्हणाली. तिचा आवाज कसातरीच येत होता. “मी मघापासून बघतेय, बाबा. झाकण काढलं ना तिने, तेव्हापासून.”

पण भिंगरीने आवाज ओळखला. ती वळली. आई दिसली की ती धावणार, बिलगणार, आणि आई परत निघाली की आकाशपाताळ एक करणार. तसं झालं तर लेकीचा पाय निघायचा नाही, आणि मग दोन दिवसांचं सगळं मुसळ केरात. सेक्रेटरींनी चादर आडवी धरायचा प्रयत्न केला, पण भिंगरी तिच्याखालून गेली, दाराजवळच्या खुर्चीवर चढली आणि काचेला चिकटून उभी राहिली. सेक्रेटरींनी मागून तिला हळूच धरलं. आत लेक वाकली. दोघींची तोंडं काचेच्या दोन बाजूंना आली.

भिंगरीने आईकडे नीट पाहिलं. ओळखीची हसली. मग बोट पुढे करून काचेवर, आईचं नाक जिथे टेकलं होतं तिथे, तिने जोरात दाबलं.

“खाली,” ती म्हणाली.

आई हलेना, म्हणून तिने पुन्हा दाबलं. “आई, खाली.”

लेकीने काचेतून बाबांकडे पाहिलं. खुर्चीखालून निघालेलं ते डोकं, लालभडक झालेलं नाक, वर बाहुली आणि एक मोजा.

“जा तू,” निरीक्षक म्हणाले. “मी इथेच आहे. कुठे जाणार आहे मी?”

लेक हसली आणि हसताहसताच तिने डोळे पुसले. तिने दार ओढून घेतलं. काचेतला तिचा चेहरा खाली सरकला, आधी हनुवटी दिसेनाशी झाली, मग डोळे, मग केस. भिंगरी खुर्चीवरून उतरली आणि बाहुली नीट बसली आहे का ते बघू लागली. निरीक्षकांनी मान तिरकी करून कान फरशीला लावला. लिफ्ट खाली थांबली, दार उघडलं, मिटलं, आणि मग कामावर उशीर झालेल्या माणसाची भरभर पावलं बाहेरच्या रस्त्याकडे जाताना त्यांना ऐकू आली. ती ऐकू यायची थांबेपर्यंत त्यांनी कान उचलला नाही.